सातारा-सांगली प्रांतांतील ‘चिनी’ ताट : नांव आणि उगम

१. विषयप्रवेश

हल्लीं सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज यांपैकीं कोणत्याहि शहरांतील मोठ्या भोजनगृहांत गेलें असतां पदार्थांच्या यादींत ‘चायनीज’ नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आढळतें. महाबळेश्वरासारख्या थंड हवेच्या ठिकाणीं तर तें उंची पाहुणचाराचें एक अंगच होऊन बसलें आहे. यावरून सामान्य समज असा झाला आहे कीं, चिनी माणसाचा व आपल्या जेवणाचा संबंध मुंबईच्या हॉटेलांतून, तोहि गेल्या पन्नास वर्षांतच, या प्रांतीं आला. त्यापूर्वी कृष्णाकांठाला चीन देश ठाऊक होता तो केवळ नांवापुरता.

हा समज अर्धाच खरा आहे. पदार्थांपुरतें पाहिलें तर तो बरोबर आहे. माणसांपुरतें पाहिलें तर तो सपशेल चुकीचा आहे. आजच्या सातारा जिल्ह्याच्या हद्दींत, मुंबईंत एकहि प्रसिद्ध चिनी भोजनगृह निघण्याच्या कितीतरी आधीं, सुमारें तीस वर्षें चिनी माणसें राहत होतीं, जमीन कसत होतीं, आणि मुंबई इलाख्याच्या अगदीं वरच्या पंगतीस भाजी पुरवीत होतीं. त्यांचें ताट मात्र कोणी मांडिलें नाहीं. कारण तीं माणसें बंदिवान होतीं.

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली ही कीं, ज्यास आपण ‘चिनी’ म्हणतों त्यांतील पुष्कळसें चीनचें नाहीं. दुसरी ही कीं, जें खरोखर चिनी हातांनीं पिकविलें किंवा चीनच्या भूमींतून आलें, त्यावर तें नांव राहिलें नाहीं. कागदपत्रांचा संग्रह करणारांस या दोन्ही गोष्टी ठाऊक असणें अवश्य आहे; कारण यादींतील एका विशेषणावर विसंबून उगम ठरविण्याचा मोह फार मोठा असतो.

२. ‘चिनी’ या विशेषणाची साक्ष

प्रथम वैद्यांचीं बाडें घेऊं. घरोघरच्या जुन्या औषधी बाडांत दालचिनी, कबाबचिनी, चोपचिनी, रेवाचिनी हीं नांवें वारंवार येतात. चारांनाहि शेपूट एकच. परंतु चारांचा उगम एक नाहीं. दालचिनी हें फारसी ‘दारचिनी’चें रूप, म्हणजे चिनी लांकूड, पण आमच्या स्वयंपाकांत शतकानुशतकें आलेली साल मुख्यतः सिंहलद्वीप व मलबार यांकडची. कबाबचिनी ही जावा बेटाकडची मिरी. चोपचिनी मात्र खरोखर चीनकडून आलेलें मूळ. सोळाव्या शतकांत फिरंगरोगावर तें औषध म्हणून प्रसिद्धीस आलें. भावमिश्रानें भावप्रकाशांत फिरंगरोगाबरोबर त्याची नोंद केली, आणि गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्त यानें १५६३ त छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत त्यास एक संवाद दिला. म्हणजे एकाच वर्गांतील नांवांत एक खरें, एक अर्धवट आणि एक अगदींच फसवें. ‘चिनी’ म्हणजे कित्येकदां ‘समुद्रापलीकडचें, मोलाचें’ एवढाच अर्थ घ्यावा लागतो.

हीच गोष्ट भांड्यांची. आदिलशाहीच्या काळीं मिरज, सातारा, पन्हाळा हा सर्व मुलूख विजापूरच्या छायेखालीं होता, आणि विजापूरच्या दरबारीं चिनी भांड्यांचें मोल मोठें होतें. आसार महालांतील मोठमोठ्या चिनी रांजणांपैकीं व थाळ्यांपैकीं कांहीं आजहि विजापूरच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. दक्षिणेंतील मुसलमान सरदारांत हिरवट रंगाच्या चिनी थाळ्यांविषयीं अशी श्रद्धा होती कीं, विषारी अन्न वाढिलें असतां थाळी तडकते अथवा तिचा रंग पालटतो. श्रद्धेचें खरेंखोटें कांहींहि असो, तिच्यावरून एवढें निश्चित होतें कीं, या प्रांतांतील राजकीय पंगतींत चीनचा पहिला प्रवेश अन्नाच्या रूपानें नसून पात्राच्या रूपानें झाला. पात्र चिनी, पाककृति देशी: हा संबंध पुढें तीनशें वर्षें तसाच राहिला. पेशवाईच्या उत्तरार्धांत व त्यानंतर मुंबईचा चीनशीं कापूस व अफू यांचा व्यापार वाढला, तेव्हां परतीच्या जहाजांतून चिनी मातीचीं भांडीं, रेशीम व चहा मुंबईस उतरूं लागलीं व तेथून घाटावर चढलीं. परंतु त्याच सुमारास विलायतेच्या कारखान्यांतील भांडींहि येऊं लागलीं, आणि त्यांसहि आमच्या लोकांनीं ‘चिनी’च म्हटलें. तेव्हां एकोणिसाव्या शतकांतील एखाद्या वाड्याच्या सामानाच्या यादींत ‘पेले चिनी’ असें दिसलें म्हणजे ते कॅन्टनचे कीं स्टॅफर्डशायरचे, हें वस्तु हातीं घेतल्याखेरीज सांगतां येणार नाहीं.

चहाची गोष्ट याच्या उलट. हा शब्द स्वतःच चिनी ‘चा’ याचें रूप. परंतु तो बोलतांना चीन देश कोणाच्या मनांतहि येत नाहीं. सुरतेस १६८९ त आलेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन यानें तेथील वाणी लोक साखर व मसाला घालून चहा पितात असें नमूद केलें आहे. म्हणजे मसाल्याचा चहा ही आजकालची टूम नव्हे. येथें खरोखर चिनी असलेल्या वस्तूनें आपलें चिनीपण हरविलें. पुढील विवेचनांत हाच नियम पुन्हा दोनदां दृष्टीस पडेल.

३. मालकमपेठेचा तुरुंग

महाबळेश्वराचें क्षेत्र प्राचीन. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचें उगमस्थान म्हणून त्याची ख्याति. तेथील नवें नगर मात्र इंग्रजी अमदानींतील आहे. १८२४ त साताऱ्याच्या छावणींतील कर्नल लॉडविक हा डोंगर चढून गेला. १८२८ त मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मालकम तेथें आला. आणि १८२९ त साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांनीं वाईकडील खंडाळें गांवाच्या मोबदल्यांत डोंगरावरील जागा कंपनी सरकारास दिली. नव्या वसाहतीस मालकमपेठ हें नांव पडलें.

या वसाहतींत १८३४ च्या सुमारास सुमारें सव्वाशें चिनी व मलायी बंदिवानांकरितां तुरुंग चालूं झाला, व तो १८६४ पर्यंत चालला. हीं माणसें येथें कशीं आलीं, हें समजण्यास कंपनीच्या दंडनीतीकडे पाहिलें पाहिजे. सिंगापूर, पिनांग व मलाक्का हीं ठाणीं १८२६ त एका कारभाराखालीं आलीं. हिंदुस्थानांतील जन्मठेपेचे कैदी कंपनी तिकडे पाठवी. काळें पाणी ओलांडण्याची भीति हाच शिक्षेचा अर्धा भाग असे. पण तिकडील कैद्यांस तिकडेच ठेवून हद्दपारीची दहशत बसत नाहीं, म्हणून तेथील चिनी व मलायी अपराध्यांस मुंबई व मद्रास इलाख्यांत धाडीत. आमच्या इतिहासांत काळ्या पाण्याचा उल्लेख नेहमीं एकाच दिशेनें येतो: येथून तिकडे. मालकमपेठेचा तुरुंग हा त्याच समुद्रावरून उलट दिशेनें आलेल्यांचा आहे. सिंगापूरच्या रस्त्यांवर मराठी मुलुखांतील कैदी खडी फोडीत होते, त्याच दशकांत महाबळेश्वराच्या रस्त्यांवर चिनी कैदी खडी फोडीत होते.

स्थानाचाहि विचार करावा. १८४८ पर्यंत सातारा हें राज्य होतें. प्रतापसिंह महाराजांस १८३९ त पदच्युत करून काशीस नेलें; त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ त निवर्तल्यावर राज्य खालसा झालें. म्हणजे तुरुंगाच्या आयुष्याचीं पहिलीं चौदा वर्षें तो सातारच्या राज्यानें वेढलेल्या एका लहानशा इंग्रजी बेटावर होता. चिनी बंदिवानाच्या खिडकींतून जो मुलूख दिसे तो छत्रपतींचा होता. हवेचाहि जाच कमी नव्हता. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट उंच असलेल्या या पठारावर पावसाळ्यांत अडीचशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. मृगाच्या आधीं साहेबलोक, त्यांचे बबर्ची व हुजरे सर्व खालीं उतरत. बंदिवान तेथेंच राहत.

४. भाजीचे मळे व गव्हर्नराची पंगत

या बंदिवानांनीं दोन कामें केलीं असें सातारा जिल्ह्याचें १८८५ चें गॅझेटियर सांगतें: रस्ते व मळे. रस्त्यांचें काम सक्तीचें, म्हणून त्याचें विशेष नाहीं. मळ्यांचें काम मात्र ध्यानांत घेण्यासारखें आहे. उन्हाळ्यांत मुंबईचा गव्हर्नर परिवारासह येथें येई. त्याच्यामागून सैन्याचे व मुलकी खात्याचे अधिकारी येत. या मंडळींस विलायती पद्धतीचें जेवण पाहिजे, आणि त्याकरितां बटाटा, गाजर, कोबी यांसारखी ताजी भाजी पाहिजे. पुण्याहून डोक्यावर किंवा बैलावर भाजी आणावयाची तर पाऊणशें मैलांची वाट व मध्यें पसरणीचा घाट. तेव्हां जी भाजी डोंगरावरच पिकेल तिची किंमत सोन्याची. चिनी बंदिवानांनीं ओढ्याकांठच्या दऱ्यांत वाफे घातले व ही भाजी पिकविली. त्यांतहि बटाट्याची विशेष ख्याति झाली. महाबळेश्वरच्या बटाट्याचें नांव पुढें सर्व इलाख्यांत झालें, त्याच्या पायाशीं हा श्रम आहे.

व्हायकाउंट फॉकलंड हा १८४८ ते १८५३ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याची पत्नी, इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याची कन्या, हिनें आपल्या प्रवासाच्या रोजनिशीचें पुस्तक १८५७ त छापिलें; त्यांत महाबळेश्वराच्या मुक्कामाचें सविस्तर वर्णन आहे. त्या पुस्तकाचें नांव ‘चौ-चौ’. चीनच्या बंदरांतील व्यापारी मिश्रभाषेंतला हा शब्द. त्याचा अर्थ खाणें, किंवा नाना वस्तूंचा मिश्र संग्रह. ज्या डोंगरावर चिनी माणूस भाजी खुडीत होता, त्याच डोंगराचें वर्णन करणाऱ्या ग्रंथास चिनी बंदरांतील खाद्यवाचक शब्द शीर्षक म्हणून मिळावा, हा योगायोगच. पण त्या काळीं मुंबई व चीन यांमधील दळणवळण किती सलगीचें होतें याची ती खूण आहे.

आतां नांवाचा नियम येथें लावून पाहा. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, वनस्पति मूळची अमेरिकेची, खाणारे इंग्रज, पिकविणारे चिनी. या चौघांपैकीं नांवांत राहिले ते पोर्तुगीज. ज्यांनीं येथें वाफा खणला त्यांचा मागमूस शब्दांत नाहीं. केवळ एका जागेनें त्यांची आठवण ठेविली आहे. महाबळेश्वराच्या दक्षिण बाजूस जो ‘चायनामन’ धबधबा आहे, त्याचें नांव तेथें असलेल्या चिनी मळ्यांवरून पडलें. दालचिनी व कबाबचिनी यांतील ‘चिनी’ फसवी असली, तरी या धबधब्यांतील ‘चिनी’ अक्षरशः खरी आहे. प्रवासी त्याचें छायाचित्र घेतात. तें नांव कोणाचें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

येथें एक सूचना करणें अवश्य वाटतें. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० त भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंदणी मिळाली व तिचा लौकिक देशभर झाला; त्यामुळें तेथील प्रत्येक विलायती फळभाजी चिनी कैद्यांच्या नांवावर चढविण्याची प्रवृत्ति पडूं शकेल. तसें करूं नये. गॅझेटियराच्या आधारें भाजीचे मळे व त्यांत विशेषतः बटाटा एवढें त्यांचें देणें सांगतां येतें, आणि तेवढें पुरेसें मोठें आहे.

५. निलगिरीचें उदाहरण

मालकमपेठेचें उदाहरण एकटें नाहीं. मद्रास इलाख्यांत निलगिरी पर्वतावर सिंकोन्याच्या लागवडीकरितां १८६० नंतरच्या दशकांत चिनी कैदी कामास लाविले होते. त्यांपैकीं कांहीं सुटकेनंतर तेथेंच राहिले, तामीळ स्त्रियांशीं संसार करूं लागले, व भाजी आणि दुधदुभतें यांवर निर्वाह करीत. एडगर थर्स्टन यानें १९०९ च्या आपल्या दक्षिण हिंदुस्थानांतील जातिजमातींवरील ग्रंथांत या कुटुंबांची नोंद केली, म्हणून ती जगास ठाऊक झाली. दोन्ही ठिकाणीं क्रम एकच दिसतो: थंड डोंगर, साहेबांची वस्ती, भाजीची अडचण, आणि तिच्यावर तोडगा म्हणून चिनी बंदिवानाचें कृषिज्ञान. निलगिरीस थर्स्टन मिळाला. साताऱ्याकडे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्यासारख्या संशोधकानें १९१६ त महाबळेश्वरावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हें आमचें भाग्य. पण मळ्यांतील एकाहि माणसाचें नांव मराठी वाचकाच्या परिचयाचें झालेलें नाहीं.

६. उंची चिनी भोजनगृह

आतां ज्यास लोक चिनी भोजन म्हणतात त्याकडे वळूं. मुंबईंत माझगांवाकडे चिनी खलाशी व सुतार यांची जुनी वस्ती होती. तेथील क्वान कुंग देवतेचें मंदिर १९१९ चें. पुढें फोर्ट व चर्चगेट या भागांत चिनी कुटुंबांनीं चालविलेलीं भोजनगृहें निघालीं. १९६२ च्या युद्धानंतर हिंदुस्थानांतील चिनी लोकांवर संशयाचें सावट आलें, कित्येकांस राजस्थानांतील देवळीच्या छावणींत स्थानबद्ध केलें, व पुष्कळ कुटुंबें देश सोडून गेलीं. विलक्षण गोष्ट ही कीं, माणसें ओसरूं लागलीं त्यानंतरच त्यांच्या नांवाचें जेवण श्रीमंत झालें. १९७३ त मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत ‘गोल्डन ड्रॅगन’ हें सिचुआन पद्धतीचें भोजनगृह उघडलें. १९७५ च्या सुमारास कलकत्त्यांत जन्मलेले नेल्सन वांग यांनीं क्रिकेट क्लबाच्या पाकशाळेंत कोंबडीच्या तुकड्यांस आलें, लसूण व हिरवी मिरची यांची फोडणी देऊन, गरम मसाल्याऐवजीं सोया सॉस व मक्याचें पीठ घातलें आणि त्यास ‘मांचुरियन’ म्हटलें, असें सांगतात. मांचुरियाशीं त्याचा संबंध नाहीं. दालचिनीच्या ‘चिनी’इतकाच हा शब्द विश्वसनीय. हाच पदार्थ कोबीच्या अथवा फ्लॉवरच्या रूपानें पुढें साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या गाड्यांपर्यंत पोंचला.

‘शेजवान’ या शब्दाचेंहि असेंच. तो सिचुआन प्रांताच्या नांवाचा अपभ्रंश. त्या प्रांताच्या पाकांतील खरी खूण म्हणजे जिभेस मुंग्या आणणारें एक लहान सुगंधी फळ. आमच्याकडील शेजवान चटणींत तें बहुधा नसतें, असते ती लाल मिरची व लसूण. मौज ही कीं, त्याच वनस्पतिकुळांतील फळ सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पूर्वापार आहे: कोंकणांत बांगड्याच्या आमटींत घालतात तें तिरफळ. सिचुआनच्या चवीचा खरा सोयरा घाटाखालीं देशी नांवानें नांदत आहे, आणि घाटावर जें सिचुआनच्या नांवानें विकलें जातें त्यांतील मिरची अमेरिकेहून पोर्तुगीजांनीं आणिलेली आहे.

७. सांगलीकडील पुरावा

आजचा सांगली जिल्हा हा जुन्या साताऱ्याचाच अंश आहे. वाळवें, खानापूर, तासगांव हे तालुके १८८५ च्या गॅझेटियरांत साताऱ्यांत पडतात. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा झाला, व १९६० त त्यास सांगली हें नांव मिळालें. या जिल्ह्यांत मिरज तालुक्यांतील कसबे डिग्रज येथें कृषि-संशोधन केंद्र आहे. तेथें निपजलेल्या सोयाबीनच्या जाती के.डी.एस. या अक्षरांनीं ओळखतात. तीं अक्षरें कसबे डिग्रज सोयाबीन यांचीं. ‘फुले संगम’ म्हणून शेतकऱ्यांस परिचित असलेला वाण हा के.डी.एस. ७२६.

सोयाबीन ही चीनची फार प्राचीन कृषिसंपत्ति. चिनी पाकाचा कणा असलेला काळा रस हिचाच. पण ‘सोया’ हा शब्द जपानी ‘शोयु’वरून डच व्यापाऱ्यांच्या मुखांतून युरोपांत गेला व तेथून आपल्याकडे आला, त्यांत चीनचें नांव नाहीं. कृष्णाकांठचा शेतकरी ज्या पिकावर दिवाळीचा खर्च भागवितो तें पीक चीनचें आहे, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. आणि त्याच शेतकऱ्याचा मुलगा शहरांत जाऊन जें ‘चायनीज’ खातो तें मुंबईचें असतें. चहा, मालकमपेठेचा मळा व डिग्रजचें सोयाबीन हीं तीन उदाहरणें एका ओळींत ठेविलीं म्हणजे नियम स्पष्ट होतो: मूळ खरें तेथें नांव नाहीं, नांव मोठें तेथें मूळ नाहीं.

८. साधनें व समारोप

चीन व महाराष्ट्र यांचा लेखी संबंध जुना आहे. ह्युएनत्संग सातव्या शतकांत महाराष्ट्रांत आला तेव्हां दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. त्याच पुलकेशीचा भाऊ विष्णुवर्धन याचा ताम्रपट साताऱ्यास मिळाला. यात्रेकरू आला, पाहून लिहून गेला, म्हणून त्याचें नांव प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. मालकमपेठेचे बंदिवान स्वखुषीनें आले नाहींत व लिहून गेले नाहींत. पण ते तीस वर्षें राहिले, आणि या प्रांताच्या मातींत प्रत्यक्ष हात त्यांनीं घातला. इतिहासाचा न्याय लिहिणारासच मिळावा हें योग्य नव्हे.

म्हणून संग्राहकांस विनंति ही. सातारा रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार मुंबईच्या सरकारी दप्तरखान्यांत आहे. १८४८ पूर्वींचीं सातारा दरबारचीं मोडी दप्तरें आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे महाबळेश्वर, मेढें, वाई, पांचगणी येथील जुन्या दुकानदारांच्या घरीं वह्या व चोपड्या आहेत. भाजी, बियाणें, टोपल्या, बैलभाडें यांच्या खर्चाच्या ओळी किरकोळ म्हणून रद्दींत जातात. तशी एखादी ओळ १८३४ ते १८६४ या काळांतील असेल व तींत ‘चिनी’ हा शब्द असेल, तर तो पेला कीं माणूस हें आधीं पाहावें. पेला असेल तर त्याचें मोल बाजार ठरवील. माणूस असेल तर ती चोपडी जपून ठेवावी व तिची नक्कल मंडळाकडे धाडावी. कारण साताऱ्याच्या डोंगरावर ज्यांनीं दुसऱ्यांचीं ताटें भरलीं, त्यांचीं नांवें मिळण्याची जागा आतां तीच आहे.